सीटी स्कॅनची सीडी : जागा वाचवा, आकडे जपा

"जुना स्कॅन आणलाय का?" सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दिवसभरात हा प्रश्न किती वेळा विचारला जातो, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. उत्तरे मात्र ठरलेली असतात. "रिपोर्ट आहे साहेब, फिल्म गावाला राहिली." "सीडी होती, पण ती कुठंच चालत नाही." आणि अलीकडे वारंवार ऐकू येणारे एक उत्तर : "भाच्यानं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलं होतं. पण जागा संपली, म्हणून त्याचे फोटो काढून ठेवलेत. हे बघा."

मग मोबाइलच्या पडद्यावर एक तिरका फोटो दिसतो. त्यात ट्यूबलाइटची चकाकी असते, कोपऱ्यात कोणाचे तरी बोट असते आणि मधोमध छातीच्या तीनशे आडव्या छेदांपैकी फक्त एक असतो. भाच्याने मनापासून केलेले काम असते, त्याला कोण काय बोलणार? पण डॉक्टरला जे हवे असते, ते नेमके त्या फोटोत नसते.

जुना स्कॅन हवा कशाला, नवा आहे की, असे अनेकांना वाटते. एक नेहमीचे उदाहरण घेऊ. साठीतल्या गृहस्थांच्या छातीच्या सीटी स्कॅनमध्ये आठ मिलिमीटरची एक घट्ट गाठ दिसते. आपल्याकडे क्षयरोगाने कधीकाळी मागे ठेवलेल्या खुणा पुष्कळांच्या फुप्फुसात असतात. ही गाठ तशीच जुनी खूण आहे, की कॅन्सरची सुरुवात? एकाच स्कॅनवरून हे सांगणे बऱ्याचदा अवघड असते. पण दोन-तीन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये तीच गाठ, त्याच जागी, तेवढ्याच आकाराची दिसली, तर रुग्ण आणि डॉक्टर दोघेही सुटकेचा श्वास टाकतात. घट्ट गाठ दोन वर्षांत वाढली नसेल, तर ती कॅन्सरची असण्याची शक्यता फारच कमी, हा छातीच्या डॉक्टरांचा जुना आडाखा आहे. जुना स्कॅन नसेल, तर काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन, कदाचित पेट स्कॅन, कदाचित सुई घालून तुकडा काढणे. छातीच्या एका नेहमीच्या सीटी स्कॅनमधून साधारण सात मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग शरीराला मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. म्हणजे एक टाळता आलेला स्कॅन म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचा नैसर्गिक डोस टळला. खर्च आणि काळजी वेगळीच.

रिपोर्टच्या कागदावर 'लहान गाठ' एवढेच लिहिलेले असते, किंवा मोजमाप असले तरी ते कोणत्या छेदावर घेतले ते कळत नाही. रेडिओलॉजिस्टला दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी लावून, तोच छेद काढून, स्वतः मोजायचे असते. त्यासाठी मूळ सीडीतला डेटा हवा. तो घरी कसा ठेवायचा, जागा कशी वाचवायची आणि वाचवताना काय गमवायचे नाही, हा आजचा विषय. वरकरणी तो कॉम्प्युटरवाल्यांचा वाटेल, पण आमच्या ओपीडीच्या टेबलावर तो रोज येतो.

ही 'इमेज' म्हणजे चित्र नव्हे

नव्या लॅपटॉपना सीडी घालायची फटच नसते. त्यामुळे शहाणे लोक शेजाऱ्याचा जुना कॉम्प्युटर किंवा बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह मिळवून सीडीतले सगळे एकदाच हार्ड डिस्कवर उतरवून घेतात. हे योग्यच आहे. घरी लिहिलेली किंवा सेंटरने लिहून दिलेली सीडी ही काही ताम्रपट नव्हे. तिच्यातला रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता आणि दमट हवेने खराब होतो, आणि कोकणातल्या पावसाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. शिवाय सीडीतला चकचकीत थर वरच्या, म्हणजे लेबलच्या बाजूला अगदी पृष्ठभागाजवळ असतो. त्यावर बॉलपेनने दाबून रुग्णाचे नाव लिहिले, की खालचा डेटा ओरखडला जाऊ शकतो. खालची बाजू जपणारे लोक वरच्या बाजूवर खुशाल लिहितात.

सीडी उतरवून घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, तिच्यातले फोल्डर जसेच्या तसे कॉपी करणे. दुसरा, संपूर्ण सीडीची 'डिस्क इमेज' बनवणे. इथे इमेज म्हणजे चित्र नव्हे, तर सीडीची हुबेहूब प्रतिकृती असलेली एकच मोठी फाइल. तिचे नाव बहुधा 'आयएसओ' या अक्षरांनी संपते. विंडोज ८ पासून पुढच्या कॉम्प्युटरवर या फाइलीवर दोनदा क्लिक केले, की कॉम्प्युटरला वाटते खरोखर सीडी घातली आहे.

डिस्क इमेज बनवताना जागेचा पहिला प्रश्न येतो. सीडीवरचा डेटा छोट्या-छोट्या कप्प्यांत लिहिलेला असतो. प्रत्येक कप्पा २,३५२ बाइटचा, पण त्यात आपल्या कामाचे २,०४८ बाइट असतात. उरलेल्या ३०४ बाइटांत कप्प्याचा पत्ता आणि सीडीवर ओरखडा आला तर चूक दुरुस्त करण्यासाठीचे हिशेब असतात. आयएसओ प्रकारची फाइल फक्त कामाचे २,०४८ बाइट घेते. काही सॉफ्टवेअर मात्र 'बिन' नावाची फाइल बनवतात, त्यात बहुधा सगळे २,३५२ बाइट येतात. ओरखड्यासाठीची ती तरतूद हार्ड डिस्कवर निरुपयोगी. म्हणून पर्याय विचारला, तर आयएसओ निवडावे. इथेच तेरा टक्के जागा वाचते आणि काहीही हरवत नाही.

स्कॅन म्हणजे आकड्यांचे शेत

पुढची जागा कुठून निघते, हे समजायला सीटी स्कॅन म्हणजे नेमके काय ते बघावे लागेल. आपल्याला दिसते ते काळे-पांढरे चित्र. पण यंत्र चित्र काढत नाही, आकडे लिहिते. पाणी शून्य. हवा उणे हजार. चरबी उणे शंभरच्या आसपास. ताजे साकळलेले रक्त साधारण साठ ते ऐंशी. घट्ट हाड हजारच्या घरात. ही मोजपट्टी गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. ग्रामोफोन रेकॉर्ड बनवणाऱ्या इएमआय कंपनीत काम करणाऱ्या या माणसाच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन केला. १९७९ मध्ये त्यांना आणि अॅलन कॉरमॅक यांना नोबेल मिळाले. त्या पहिल्या चित्रात ८० आडवे आणि ८० उभे, म्हणजे ६,४०० चौकोन होते.

आजच्या एका छेदात ५१२ आडवे आणि ५१२ उभे, म्हणजे २,६२,१४४ चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात एक आकडा, आणि प्रत्येक आकड्याला दोन बाइट जागा. म्हणजे एका छेदाला अर्धा एमबी. छातीचे एक मिलिमीटर जाडीचे तीनशे छेद घेतले, की दीडशे एमबी झाले. पोटाचा स्कॅन इंजेक्शन देऊन दोन-तीन वेळा केला, की हजारावर छेद आणि पाचशे एमबीच्या वर. कॅन्सरच्या रुग्णाचा दर तीन महिन्यांनी असा स्कॅन दोन वर्षे झाला, तर आठ सीडी आणि चार जीबी. घरातल्या एक टेराबाइटच्या डिस्कला हे काहीच नाही. पण १२८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज, लग्नाचे व्हिडिओ आणि मुलांचे प्रोजेक्ट भरल्यावर चार जीबी डोळ्यांत खुपू लागतात. गूगलची फुकटची जागा १५ जीबी, तीही ईमेल आणि फोटोंसकट.

आता गंमत बघा. प्रत्येक आकड्याला दोन बाइट, म्हणजे सोळा बिट जागा दिलेली असते, पण सीटीचे आकडे साधारण बारा बिटांत मावतात. म्हणजे पाव जागा मुळातच रिकामी. सीटीचे चित्र गोल असते आणि कागद चौकोनी. त्या गोलाबाहेरच्या चारही कोपऱ्यांत एकच आकडा हजारो वेळा लिहिलेला असतो. शरीराच्या आतही शेजारच्या दोन चौकोनांत फारसा फरक नसतो. यकृतात एका ठिकाणी पंचावन्न असेल, तर शेजारी बावन्न किंवा अठ्ठावन्न असणार, एकदम नऊशे नाही. या सगळ्या पुनरुक्तीचा फायदा घेऊन फाइल लहान करता येते.

कशी? आम्ही डॉक्टर मंडळी केसपेपरवर रोज हेच करतो. 'दिवसातून तीन वेळा' असे शंभरदा लिहावे लागते, म्हणून 'टीडीएस' लिहून मोकळे होतो. क्वचित येणारी सूचना मात्र पूर्ण वाक्यात लिहितो. जे वारंवार येते त्याला छोटी खूण, जे क्वचित येते त्याला मोठी. हीच युक्ती गणिताने पक्की केली डेव्हिड हफमन या अमेरिकी विद्यार्थ्याने. एमआयटीमध्ये शिकताना प्राध्यापकांनी परीक्षेऐवजी निबंध लिहिण्याची मुभा दिली होती. त्या निबंधातून निघालेली पद्धत १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९७७ मध्ये अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या इस्रायली शास्त्रज्ञांनी दुसरी युक्ती मांडली : एखादी ओळ आधी येऊन गेली असेल, तर पुन्हा न लिहिता 'वर अमुक ठिकाणी बघा' एवढेच लिहायचे. आपण रोज वापरतो ती 'झिप' फाइल या दोन्ही युक्त्या मिळून बनते.

मग सीटीची झिप दहापट लहान का होत नाही? कारण आकड्यांमध्ये थरथर असते. नुसत्या पाण्याचा स्कॅन केला, तरी प्रत्येक चौकोनात शून्य येत नाही. कुठे तीन, कुठे उणे पाच, कुठे आठ. या थरथरीला नियम नसतो, आणि ज्याला नियम नाही ते थोडक्यात सांगता येत नाही. छेद जितका पातळ, तितकी थरथर जास्त. म्हणून साध्या झिपने सीटीचा डेटा साधारण निम्मा होतो, आणि फक्त चित्रांसाठीच बनवलेल्या 'जेपेग-एलएस' किंवा 'जेपेग २०००' यांच्या बिनतोट्याच्या पद्धतींनी फार तर अडीच-तीन पट लहान होतो. कोणी सीटीची फाइल वीसपट लहान करून दिली, तर आनंद मानण्याआधी तिच्यातून काय गेले ते विचारावे.

रजई आणि पोहे

दाबून लहान करण्याच्या दोन जाती आहेत. जाड रजई प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढली, की ती कपाटात कुठेही मावते. थंडीत पिशवी उघडली, की तीच रजई, तेवढीच. झिप, सेव्हन-झिप, बिनतोट्याचे जेपेग २००० हे सगळे या जातीचे. उघडल्यावर दोन लाख बासष्ट हजार चौकोनांतला प्रत्येक आकडा जिथल्या तिथे परत मिळतो.

दुसरी जात म्हणजे भाताचे पोहे करणे. पोहे उत्तम असतात, चविष्ट असतात, पण त्यांतून पुन्हा भात उगवत नाही. १९९२ पासून वापरात असलेले नेहमीचे जेपेग म्हणजे मोबाइलमधला फोटो, हा त्यातला प्रकार. डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा तपशील ते गाळून टाकते. लग्नाच्या फोटोत याने काही बिघडत नाही.

स्कॅनमध्ये मात्र पहिला घाव आकड्यांवरच पडतो. सीटीच्या बारा बिटांत ४,०९६ पायऱ्या असतात. साध्या जेपेगमध्ये करड्या रंगाच्या फक्त २५६. रेडिओलॉजिस्ट पडद्यावर 'खिडकी' सरकवत असतो. फुप्फुस बघायचे तर एक खिडकी, हाडासाठी दुसरी, मेंदूसाठी तिसरी. म्हणजे ४,०९६ पायऱ्यांपैकी हव्या तेवढ्या पायऱ्या ताणून बघायच्या. मेंदूतला करडा भाग आणि पांढरा भाग यांत जेमतेम दहा-पंधरा आकड्यांचा फरक असतो. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत तो फरक पुसट होऊ लागतो आणि तेवढ्यावरून निदानाची दिशा ठरते. फोटो एका खिडकीत गोठलेला असतो. फुप्फुसाच्या खिडकीत काढलेल्या फोटोवरून बरगडीचे हाड कोणालाच वाचता येणार नाही, मग तो कितीही मोठा तज्ज्ञ असो. मोजपट्टीही गेलेली असते, त्यामुळे आठ मिलिमीटर की अकरा, हेही ठरवता येत नाही.

दाबताना माहिती बदलू शकते याचे एक उदाहरण वैद्यकाबाहेरचे आहे, पण विसरता येत नाही असे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला असे आढळले, की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर इमारतीचा नकाशा स्कॅन केला, की खोल्यांची क्षेत्रफळे बदलतात. मूळ नकाशात तीन खोल्या १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटरच्या होत्या. प्रतीत तिन्ही १४.१३ झाल्या. अक्षर पुसट नव्हते, डाग नव्हता, आकडा स्वच्छ छापलेला होता. फक्त चुकीचा होता. जागा वाचवण्यासाठी ते यंत्र दिसायला सारखे तुकडे एकच मानून, एकाच्या जागी दुसरा चिकटवत होते. काही कागदांवर सहाचा आठ होत होता. कंपनीला नंतर सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावे लागले. औषधाच्या डोसच्या कागदावर असे झाले तर, हा विचार माझ्यासारख्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

एक बाजू सांगायला हवी. तोट्याची पद्धत वैद्यकात अगदीच निषिद्ध आहे असे नाही. ब्रिटन आणि कॅनडातल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थांनी ठरावीक प्रमाणापर्यंत ती चालेल असे म्हटले आहे. पण ते ठरवायला तज्ज्ञ लागतात, आणि स्तनाच्या मॅमोग्राफीसाठी अमेरिकेचे औषध प्रशासन तिला परवानगी देत नाही. घरी बसून हा निर्णय आपण घेऊ नये, एवढे खरे.

घरच्या घरी काय करावे

सीडी उघडल्यावर आत साधारणपणे तीन गोष्टी असतात. मुख्य चित्रांचे फोल्डर, त्यात शेकडो फाइली असतात आणि बऱ्याचदा त्यांना धड नावही नसते. 'डायकॉमडिर' नावाची एक छोटी फाइल, ही त्या शेकडो फाइलींची अनुक्रमणिका. आणि चित्रे बघण्यासाठीचे सॉफ्टवेअर. डायकॉम हे वैद्यकीय चित्रांसाठी जगभर मान्य झालेल्या पद्धतीचे नाव. तिचा पाया १९८५ मध्ये घातला गेला आणि १९९३ पासून ती या नावाने चालते. ठाण्याच्या यंत्रावरचा स्कॅन नागपूरच्या कॉम्प्युटरवर उघडतो, तो तिच्यामुळे.

यातले बघायचे सॉफ्टवेअर प्रत्येक सीडीवर पुन्हा-पुन्हा असते. एकाच सेंटरच्या आठ सीडी असतील, तर आठ वेळा तेच. काही सेंटर त्याबरोबर चित्रांच्या साध्या जेपेग प्रतीही टाकतात. जागा काढायची ती आधी इथून. सॉफ्टवेअर एकदा ठेवले तरी पुरे, नाही ठेवले तरी चालते, कारण 'वेसिस' किंवा अॅपलच्या कॉम्प्युटरवर 'होरोस' अशी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर कोणत्याही सेंटरची डायकॉम चित्रे उघडतात. मुख्य चित्रे आणि अनुक्रमणिका मात्र एकत्र आणि हात न लावता ठेवावीत. फाइलींना 'बाबांची छाती १', 'बाबांची छाती २' अशी नावे देण्याचा मोह टाळावा. अनुक्रमणिका मग त्यांना शोधू शकत नाही.

आयएसओ ठेवावे की फोल्डर? कॉम्प्युटरची हौस असलेले लोक आयएसओच्या बाजूने बोलतील, आणि हुबेहूब प्रत म्हणून ते बरोबरही आहे. मी मात्र घरच्यांना फोल्डरची झिप करून ठेवायला सांगतो. आयएसओच्या आतले नको ते सहज काढून टाकता येत नाही. शिवाय सरकारी रुग्णालयातला कॉम्प्युटर जुना असतो आणि त्यावर नवे सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसते. विंडोज ७ वर आयएसओ नुसत्या क्लिकने उघडत नाही. सेव्हन-झिपची स्वतःची 'सेव्हनझेड' फाइल झिपपेक्षा लहान होते हे खरे, पण ती उघडायलाही सहसा तेच सॉफ्टवेअर लागते. झिप कुठेही उघडते. दोन पैसे जास्त जागा गेली तरी चालेल, पण रात्री अकरा वाजता निवासी डॉक्टरच्या टेबलावर फाइल उघडली पाहिजे. ज्यांना आयएसओच ठेवायचे आहे, त्यांनी तेही झिपमध्ये घालावे. आकडे तेच, जागा कमी.

झिप करण्याची कटकट नको असेल, तर विंडोजमध्ये फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन तो दाबून साठवण्याची सोय आहे. फाइली नेहमीसारख्या उघडतात, आतल्या आत जागा वाचते. बचत झिपपेक्षा कमी होते आणि फाइल दुसरीकडे कॉपी केली की ती पुन्हा मूळ आकाराची होऊ शकते.

काही सीड्या कितीही दाबल्या तरी लहान होत नाहीत. अँजिओग्राफीची सीडी त्यातली नेहमीची. तिच्यातली हलती चित्रे बहुधा आधीच बिनतोट्याने दाबून लिहिलेली असतात. सोनोग्राफी आणि टूडी इकोच्या क्लिपही आधीच दाबलेल्या असतात. दाबलेली रजई आणखी दाबून काय होणार? तिथे वेळ घालवू नये.

कोणते छेद ठेवायचे आणि कोणते काढायचे, हे मात्र स्वतः ठरवू नका. एकाच स्कॅनचे पाच मिलिमीटर जाडीचे साठ छेद आणि एक मिलिमीटरचे तीनशे, असे दोन संच सीडीवर असू शकतात. जागेसाठी माणूस साहजिकच मोठा संच काढून टाकतो आणि लहान ठेवतो. नेमके उलटे व्हायला हवे. पातळ छेदांवरून जाड पुन्हा बनवता येतात, जाडावरून पातळ कधीच नाही. आठ मिलिमीटरची गाठ पाच मिलिमीटरच्या छेदांत एक-दोनदाच दिसते, तिचे माप काय घेणार? रंगीत त्रिमितीय चित्रे दिसायला सुंदर असतात, नातेवाइकांना तीच आवडतात, पण तीही पातळ छेदांवरून परत काढता येतात. म्हणून सेंटरमधून सीडी घेतानाच तंत्रज्ञाला विचारावे : "पातळ छेद आहेत ना यात?" कित्येकदा सीडीवर जागा किंवा वेळ वाचवण्यासाठी फक्त जाड छेद दिलेले असतात.

मूळ फाइली पुसण्याआधी झिप तपासावी. सेव्हन-झिपमध्ये 'टेस्ट' अशी सोयच आहे. झिपच्या आत प्रत्येक फाइलीचा एक छोटा अंकी ठसा ठेवलेला असतो, तो जुळतो की नाही ते त्यात कळते. त्याहून चांगले म्हणजे झिप दुसऱ्या जागी उघडून चित्रे खरोखर दिसतात का, शेवटचा छेदही उघडतो का, ते डोळ्यांनी बघणे. दाबलेल्या फाइलीत एखादी जागा खराब झाली, तर नुकसान मोकळ्या फाइलीपेक्षा जास्त पसरते. म्हणून प्रती दोन असाव्यात, आणि त्या एकाच डिस्कवर नसाव्यात. एक घरच्या डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर किंवा मुलीच्या लॅपटॉपमध्ये.

व्हॉट्सअॅपवरून पाठवायचे झाले, तर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून झिप पाठवावी. फोटो म्हणून पाठवले की ते अॅप स्वतःच दाबून टाकते, डॉक्युमेंटला हात लावत नाही.

सेंटर ठेवत नाही का?

ठेवते, पण किती दिवस? दिवसाला साठ रुग्णांचे स्कॅन आणि प्रत्येकी अर्धा जीबी धरले, तर रोज तीस जीबी आणि वर्षाला जवळपास अकरा टेराबाइट होतात. बिनतोट्याने अडीचपट दाबले, तर साडेचार टेराबाइटच्या आत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. हा हक्क वापरावा. स्कॅन झाल्यावर सहा महिन्यांनी सीडी हरवल्याचे लक्षात आले, तर लगेच अर्ज करावा. पण फुप्फुसातल्या गाठीचा प्रश्न पाच वर्षांनीही उभा राहू शकतो. तोपर्यंत सेंटरची डिस्क बदललेली असते, सॉफ्टवेअर बदललेले असते, कधी कधी सेंटरच बंद झालेले असते. मग तुमच्या घरची झिप हीच जगातली एकमेव प्रत उरते.

फाइलीचे नाव तारखेपासून सुरू करावे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि पुढे शरीराचा भाग : '२०२४-०३-१८ छाती सीटी'. अशा फाइली आपोआप क्रमाने लागतात, आणि गडबडीत डॉक्टरला आठ झिपमधून जुनी कोणती, नवी कोणती हे शोधत बसावे लागत नाही. झिपमध्येच रिपोर्टचा कागद स्कॅन करून टाकावा.

आणि एक काळजी. प्रत्येक डायकॉम फाइलीत चित्रासोबत रुग्णाचे नाव, वय किंवा जन्मतारीख, रुग्णालयातला क्रमांक लिहिलेला असतो. सायबर कॅफेत सीडी उतरवून घेतली, तर तिथल्या कॉम्प्युटरवरची प्रत पुसूनच उठावे. इंटरनेटवर ठेवायची झिप पासवर्ड लावून ठेवली तर उत्तम. पण तो पासवर्ड रुग्णाखेरीज आणखी कोणाला तरी माहीत असू द्या. शक्यतो त्या माणसाला, जो रात्री-अपरात्री त्यांच्यासोबत कॅज्युअल्टीत येणार आहे.